छोट्या गाडीचे ब्रेक: काय बदलायचं, काय वाढवायचं

छोट्या गाडीचे ब्रेक कमी लागतायत अशी तक्रार कुणाजवळ केली की दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, कुठलेही पॅड टाक, सगळे सारखेच. दुसरा म्हणतो, कंपनीचे ब्रेक मुळातच कमजोर, मोठ्या डिस्क बसव, भोकांच्या मिळाल्या तर उत्तमच. पहिल्याचं ऐकलं तर गाडी आहे त्याहूनही वाईट थांबू शकते. दुसऱ्याचं ऐकलं तर खिसा रिकामा होतो आणि गाडी बहुतेक वेळा एक फूटही आधी थांबत नाही. असं का होतं ते कळायला ब्रेक मुळात कोणतं काम करतो इथून सुरुवात करावी लागेल. थोडं गणित येईल, पण शाळेतलंच.

सगळा खेळ उष्णतेचा

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. तिची उष्णता करायची आणि ती उष्णता हवेत सोडून द्यायची, एवढंच ब्रेकचं काम. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती म्हणजे डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणारे तुकडे म्हणजे पॅड, आणि पिस्टननं ते पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. माणसांसकट १,००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं जात असेल तर ही ऊर्जा साधारण ३८५ किलोज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत एक लिटरहून थोडं जास्त पाणी गार असल्यापासून उकळीपर्यंत येईल. आणि हे काम ब्रेक साडेतीन सेकंदांत उरकतात. हिशेब केला तर सरासरी ११० किलोवॉट होतात. बऱ्याच छोट्या गाड्यांची इंजिनं याच्या निम्म्या-पाऊण ताकदीची असतात. ज्याला आपण कमजोर म्हणून नावं ठेवतो तो ब्रेक त्याच गाडीच्या इंजिनापेक्षा दांडगा असतो.

ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५०च्या वेगात ती १००च्या निम्मी नसते, पाव असते. शहरात झकास वाटणारे ब्रेक हमरस्त्यावर अचानक अपुरे वाटतात त्याचं मूळ यात आहे. ब्रेक तेच असतात, काम चौपट झालेलं असतं.

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं. त्यामुळे थांबवण्याचा साधारण ७० टक्के भार पुढचे ब्रेक उचलतात. पुढच्या दोन डिस्क पाच-पाच किलोच्या धरल्या, तर १००च्या वेगातून एकदा थांबल्यावर त्यांचं तापमान जेमतेम ६० अंशांनी वाढतं. हे काहीच नाही. ओतीव लोखंडाच्या डिस्कला याच्या कित्येक पट तापमान सहज झेपतं.

आता घाट घ्या. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरून खाली आली तर सुमारे ४,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे १००च्या वेगातून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी, आणि तीही डिस्कला धड गार व्हायला उसंत न देता. यातली थोडी हवेचा विरोध खातो, आणि गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर बराच वाटा इंजिन उचलतं. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस मात्र तो सगळा भार ब्रेकच्या माथी मारतो. ब्रेकची खरी परीक्षा एका जोरदार ब्रेकमध्ये होत नाही, अशा लांब उताराच्या शेवटच्या वळणावर होते.

एका जोरदार ब्रेकमध्ये हुकूम चालतो टायरचा. पाय पूर्ण दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, खडखडू लागलं, किंवा जुन्या गाडीत चाक जाम झालं, तर ब्रेकनं आपलं काम केलेलं आहे. टायरची रस्त्यावरची पकड संपलेली आहे. आता तिथे दुप्पट मोठी डिस्क लावली तरी चाक फक्त आणखी लवकर जाम होईल. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक ०.८ असेल तर १००च्या वेगातून थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात, १.० असेल तर ३९. हा दहा मीटरचा फरक ब्रेक न बदलता पडतो. टायर कडक झालेत, झिजलेत किंवा हवा कमी आहे, आणि मालक मोठ्या कॅलिपरची चौकशी करतोय, हा उलटा क्रम फार पाहायला मिळतो.

मग ब्रेकचे चांगले सुटे भाग घेऊन मिळतं काय? उष्णता वारंवार झेलण्याची ताकद, पेडलची समज, आवाज आणि धूळ कमी, झीज कमी. यातलं आपल्याला काय हवंय ते आधी ठरवायचं आणि मग भाग निवडायचा.

आधी दुखणं ओळखा

'ब्रेक लागत नाहीत' या एका वाक्यात पाच-सहा वेगळी दुखणी लपलेली असतात. पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि दोनदा पंप केल्यावर वर येतं, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असते किंवा मागच्या ड्रमचं (डबीसारखा बंद ब्रेक, ज्यात शू नावाचे तुकडे आतून बाहेर दाबले जातात) ॲडजस्टमेंट गेलेलं असतं. पाय ठेवून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत जातं, आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलच्या जोरानं ऑइलवर दाब देणाऱ्या भागाच्या, आतलं रबर गेलं असण्याचा संभव जास्त. पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी मात्र थांबत नाही, तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी पाहायची. गाडी एका बाजूला ओढते, तर कुठल्या तरी कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकलाय. कधी कधी रबरी होज आतून सुजलेला असतो. दाब आत जातो, परत येत नाही, आणि ते चाक सतत धरलेलं राहतं. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, तर डिस्ककडे जायचं.

यातल्या एकाही दुखण्यावर भारी पॅड हा इलाज नाही. नवे पॅड अडकलेल्या कॅलिपरमध्ये बसवले तर काही महिन्यांत एक पॅड पाठीच्या पत्र्यापर्यंत झिजतो आणि दुसरा नव्यासारखा राहतो. जुने पॅड काढल्यावर ते फेकून देण्याआधी चारही शेजारी ठेवून त्यांची जाडी बघा. चारही सारखे झिजले असतील तर कॅलिपर ठीक आहेत. आतला पॅड जास्त झिजलाय, बाहेरचा कमी, तर सरकत्या पिना सुकल्यात. एकच पॅड वरच्या टोकाला जास्त आणि खालच्या टोकाला कमी झिजलाय, तर तो आपल्या खाचेत मोकळा हलत नव्हता. कुठलंही यंत्र न लावता होणारी ही तपासणी आहे आणि ती सहसा कुणी करत नाही.

पॅड: सगळ्यात मोठा फरक इथेच

ब्रेकची ताकद तीन गोष्टींच्या गुणाकारातून येते: पिस्टन पॅडला किती जोरानं दाबतो, पॅड आणि डिस्क यांच्यात घर्षण किती आहे, आणि चाकाच्या मध्यापासून किती अंतरावर ते दाबलं जातं. पहिली आणि तिसरी गोष्ट बदलायला लोखंड बदलावं लागतं. मधली नुसत्या पॅडनं बदलते. घर्षणांक ०.३५ वरून ०.४२ झाला की त्याच पायाच्या जोरात २० टक्के जास्त ब्रेक लागतो. म्हणून निवडीतला निम्मा वेळ पॅडवर घालवावा असं माझं मत आहे.

पॅडच्या मसाल्याचे, म्हणजे पत्र्यावर चिकटवलेल्या घासणाऱ्या थराचे, ढोबळ चार प्रकार. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत आणि डिस्कला सांभाळून घेणारे असतात, पण फार तापले की लवकर हार मानतात. जपानी धाटणीच्या छोट्या गाड्यांना कारखान्यातून बहुधा हेच येतात. लो-मेटॅलिकमध्ये थोडं धातूचं तंतुद्रव्य असतं. पाय ठेवताच पकडतात, उष्णता बरी झेलतात, पण धुळीनं रिम काळी करतात. युरोपीय गाड्यांची रीत ही. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचं प्रमाण बरंच जास्त. उतारावर आणि भरलेल्या गाडीत टिकतात, मात्र आवाज करतात आणि डिस्क खातात. सिरॅमिक पॅड स्वच्छ आणि शांत, धूळ फिकट आणि कमी. हे सिरॅमिक पॅड साध्या लोखंडी डिस्कवर चालण्यासाठीच असतात. महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा संबंध नाही. नावाच्या या गोंधळाचा फायदा विक्रेते पुरेपूर घेतात.

रोजच्या गाडीला रेसिंगचे पॅड लावायचा मोह होतो, तो टाळावा. ते पॅड तापल्यावर कामाला लागतात. गार असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षाही कमी असू शकते, आणि आपल्याला सकाळी घराबाहेर पडताना पहिल्याच चौकात थांबायचं असतं.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेली अक्षरं वाचायची सवय लावा. अमेरिकी पद्धतीत शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या जे८६६ या पद्धतीनुसार पहिलं अक्षर साध्या तापमानातला घर्षणांक सांगतं आणि दुसरं तापल्यानंतरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' लिहिलेला पॅड तापल्यावरही त्याच पट्ट्यात राहतो. 'एफई' लिहिलेला तापला की एक पायरी खाली येतो. 'जीजी' दिसलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. अक्षर वरचं म्हणजे पॅड चांगला असं नसतं, आणि मूळ 'एफएफ'वर चालणाऱ्या हलक्या गाडीत 'जीजी' लावले तर पाय टेकताच झटका बसू शकतो. शिवाय ही चाचणी पॅडच्या छोट्याशा तुकड्यावर प्रयोगशाळेतल्या यंत्रात होते. पॅड किती टिकेल, किती वाजेल, तुमच्या गाडीत कसा वागेल, याचा त्यात पत्ता नसतो.

त्यापेक्षा मला जास्त भरवसा वाटतो तो संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या आर९० या नियमाचा. वर्तुळात ई आणि आकडा, आणि पुढे '९०आर'ने सुरू होणारा क्रमांक, अशी त्याची खूण पॅडच्या पाठीच्या पत्र्यावर असते. या नियमात बदली पॅडची तुलना त्या विशिष्ट गाडीच्या मूळ पॅडशी होते आणि दोघांच्या कामगिरीतला फरक १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. कमी चालत नाही, तसंच फार जास्तही चालत नाही. हे 'जास्तही नाही' फार मोलाचं आहे, त्याचं कारण पुढे येईल. मसाला पत्र्याला किती घट्ट चिकटलाय हेही यात तपासलं जातं. बनावट पॅडची सगळ्यात वाईट खोड तीच असते: मसाला पत्र्यापासून सुटून येतो. नंतर हाच नियम डिस्क आणि ड्रमपर्यंत वाढवला गेला.

अमेरिकी पॅडच्या खोक्यावर कधी कधी पानाचं चिन्ह दिसतं. ते तांब्याबद्दल आहे. ब्रेकच्या धुळीतलं तांबं पावसाच्या पाण्यानं वाहून जाऊन माशांना अपाय करतं म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी ते कमी करण्याचे कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून ५ टक्के आणि २०२५ पासून ०.५ टक्के ही मर्यादा आहे. हे चिन्ह पर्यावरणाबद्दल सांगतं, ब्रेकच्या ताकदीबद्दल नाही.

डिस्क 'वाकडी' होते म्हणजे काय

स्टिअरिंग थरथरू लागलं की गॅरेजात निदान ठरलेलं असतं: डिस्क बेंड झाली. डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते, आणि हा फरक अगदी दोन-तीन शतांश मिलिमीटर असला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. पॅड जाड भागावर आला की पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भागावर पुढे येतो, आणि हे एका सेकंदात दहा-पंधरा वेळा घडतं.

जाडीत फरक पडण्याचं एक कारण म्हणजे हब, चाकाचा मधला फिरणारा भाग. डिस्क ज्या हबवर बसते त्यावर गंजाची पापुद्र्याएवढी खपली राहिली, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि फिरताना डोलते. ब्रेक न दाबताही तिची एकच बाजू प्रत्येक फेरीला पॅडला घासून जाते. हजारो किलोमीटर असं घासत राहिल्यावर ती जागा पातळ होते आणि थरथर सुरू होते. म्हणून नवी डिस्क बसवल्यावर पहिले काही महिने सगळं ठीक असतं आणि मग तक्रार परत येते. दोष नव्या डिस्कवर जातो. खरं तर बसवताना तारेच्या ब्रशनं हब साफ करायची पाच मिनिटं कुणीतरी वाचवलेली असतात. चाकाचे नट एकसारखे न आवळल्यानंही डिस्क अशीच तिरकी दबते.

दुसरं कारण पाय. जोरात ब्रेक मारून तापलेली गाडी थांबवली आणि तसाच पाय दाबून ठेवला, की पॅडचा मसाला त्याच जागी डिस्कवर छापला जातो. त्या ठशावर घर्षण वेगळं असतं आणि तिथून जाडीतला फरक वाढत जातो. जमेल तिथे थोडं पुढे सरकून थांबावं, किंवा सपाट जागी हँडब्रेकवर गाडी ठेवून पाय काढावा. मागे डिस्क असतील आणि हँडब्रेक त्यांच्यावरच चालत असेल तर तेही तापलेलं असताना नको.

डिस्क बदलायची कधी, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. कडेला किंवा मधल्या टोपीवर 'मिन टीएच' असं कोरून पुढे मिलिमीटरमध्ये आकडा असतो. नवी असताना २२ मिलिमीटर असलेल्या डिस्कवर तो बऱ्याचदा २० असतो. म्हणजे झिजायला मिळतात अवघे दोन मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून. मोजताना कडेला उरलेली उंच धार सोडून आतल्या घासल्या जाणाऱ्या भागाची जाडी घ्यायची. लेथवर डिस्क साफ करून घेता येते, पण साफ झाल्यावर ती या आकड्याच्या वर राहिली पाहिजे, आणि पुढचे पॅड संपेपर्यंत वर राहील इतकी जाडी शिल्लक हवी. छोट्या गाडीच्या पातळ डिस्कमध्ये हे गणित क्वचित जमतं. तिथे नवी जोडीच बरी. जोडी म्हणजे एकाच ॲक्सलवरच्या दोन्ही. डावी नवी आणि उजवी जुनी असा हिशेब ब्रेकमध्ये चालत नाही, पॅडमध्येही नाही.

आता भोकं आणि खाचा. जुन्या काळी पॅड तापल्यावर त्यांच्यातून वायू सुटायचा आणि पॅड व डिस्क यांच्यात अडकायचा. त्याला वाट म्हणून भोकं पाडली जात. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो त्रास बराच कमी झालाय. भोकं पाडल्यावर डिस्कचं वजन घटतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा घटते, आणि वारंवार तापून गार झाल्यावर भोकांच्या कडेनं बारीक चिरा पडतात. खाचांच्या डिस्क त्यापेक्षा बऱ्या. त्या पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, बदल्यात पॅड लवकर संपतात आणि हलकीशी घरघर ऐकू येते. रोजच्या गाडीला साधी, सपाट, आतून हवा खेळणारी डिस्क घ्यावी, शक्यतो टोपीवर आणि कडेवर गंजरोधक राखाडी थर असलेली. दिसायला सगळ्यात साधी तीच असते, हे मान्य.

मागच्या ड्रमला नावं ठेवू नका

मागे ड्रम असणं म्हणजे गाडी स्वस्तातली, असा एक समज आहे. फोक्सवॅगननं आयडी.३ आणि आयडी.४ या विजेवरच्या गाड्यांना मागे ड्रमच दिले आहेत, आणि त्या काही हलक्या गाड्या नाहीत. मागच्या चाकांवर भार कमी असतो, विजेच्या गाडीत मोटरही वेग कमी करायला हातभार लावते, आणि कमी वापरातली डिस्क गंजते. ड्रम झाकलेला असल्यामुळे तसा गंजत नाही. शिवाय ड्रममधला पुढचा शू फिरण्याच्या दिशेनं आपोआप आत ओढला जातो, त्यामुळे कमी दाबात पकड मिळते आणि हँडब्रेक साधा व भक्कम राहतो.

ड्रम काढून डिस्क बसवण्याचा खटाटोप छोट्या गाडीत मला पटत नाही. त्यातच तो 'जास्तही नाही'चा मुद्दा येतो. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा आधी जाम झाले तर गाडीची शेपूट सुटते आणि ती गरकन फिरते. कारखान्यात पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी हे लक्षात ठेवूनच ठरवतात. मागे जादा ताकदीचे शू किंवा पॅड घातले की ती वाटणी बिघडते. एबीएस आणि ईबीडी (पुढे-मागे ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा) बरंच सांभाळून घेतात, पण त्यांचंही गणित मूळ भागांवर बेतलेलं असतं.

ड्रमला खरं तर देखभाल हवी असते. शूबरोबर स्प्रिंगचा संच नवा घ्या. शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर हलकेच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि ब्रेक ऑइलनं भिजलेले शू धुऊन परत बसवू नका. ड्रमवरही आतल्या व्यासाची कमाल मर्यादा कोरलेली असते. आणि हँडब्रेकची वायर आवळण्याआधी आतलं ॲडजस्टर नीट लावून घ्या. ॲडजस्टर अडकलेलं असताना नुसती वायर आवळून दिली की हँडब्रेक लागल्यासारखा वाटतो, पेडल मात्र खोलच राहतं.

ब्रेक ऑइल

याला इतकी कमी किंमत का मिळते कळत नाही. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी ओळखतात. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. घाटात कॅलिपर तापला, त्यातलं जुनं ऑइल उकळलं, तर लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय थेट तळाला जातो आणि कितीही मोठी डिस्क असली तरी तिथवर दाब पोचतच नाही.

उतारावर ब्रेक कमी पडण्याच्या दोन तऱ्हा इथे वेगळ्या ओळखता येतात. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅडनं हार मानली. पेडलच मऊ होऊन खाली गेलं, म्हणजे ऑइल उकळलं. पहिल्यावर इलाज पॅड, दुसऱ्यावर ऑइल.

साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, आणि डॉट ५.१ ही त्याच कुळातलं आहे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, वेगळ्या कुळातलं. ते यांत मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. आकड्यातल्या त्या '.१'कडे नीट बघा. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय त्याहून खालचं कधीच नको.

वाढवायचंच असेल तर

गाडी नेहमी भरलेली असते, डोंगराळ भागात चालते किंवा इंजिनाची ताकद वाढवली आहे, तर वाढीव ब्रेकचं कारण खरं आहे. क्रम मी असा धरेन: चांगले टायर, ताजं डॉट ४ किंवा ५.१, एक पायरी वरचे पॅड, आणि होज जुने असतील तर नवे. स्टीलच्या जाळीचे होज फुगत नाहीत म्हणून पेडल घट्ट लागतं, पण तो फरक बराचसा जुन्या, तडकलेल्या रबराच्या तुलनेत असतो. नवं रबरही जवळपास तेवढाच आनंद देतं.

याही पुढे जायचं असेल तर आधी त्याच गाडीची, जास्त ताकदीच्या इंजिनाची आवृत्ती शोधा. त्याच कंपनीनं त्याच सांगाड्यावर मोठी डिस्क आणि तिचा कॅलिपर आधीच बसवलेला असतो. एका मापाचं उदाहरण घेऊ. २३९ मिलिमीटरच्या डिस्कऐवजी २५६ची आली, तर पॅड दाबला जाण्याचं अंतर साडेआठ मिलिमीटरनं वाढतं आणि ताकद जेमतेम ९ टक्क्यांनी. पॅडनं २० टक्के मिळत होती हे आठवा. मोठ्या डिस्कचा खरा लाभ तिच्या वजनात आहे, ती उष्णता जास्त साठवते.

पिस्टन मोठा घेताना जपून. ४८ मिलिमीटरच्या जागी ५४चा पिस्टन आला की दाबाचं क्षेत्र २७ टक्क्यांनी वाढतं, आणि तो सरकवायला ऑइलही २७ टक्के जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल जास्त खाली जाईल. पुढे-मागेची वाटणी बदलेल ती वेगळीच. म्हणून सुटा कॅलिपर उचलण्यापेक्षा त्या वरच्या आवृत्तीत मास्टर सिलिंडर कोणता आहे, मागे काय आहे, हेही पाहून पूर्ण संच घ्यावा.

अजून एक गोष्ट नेहमी विसरली जाते. मोठा कॅलिपर मूळ रिमच्या आत मावतो का हे बघितलं जातं, स्टेपनी मात्र कुणी लावून बघत नाही. ती छोट्या रिमची असेल तर पंक्चर झाल्यावरच कळतं. आणि कॅलिपरवर चढवायची ती लाल प्लास्टिकची टोपणं? ती हवा अडवतात. रंगच हवा असेल तर उष्णता सोसणारा रंग कॅलिपरला लावावा.

बरोबर भाग कसा मागायचा

गाडीचं नाव आणि साल पुरत नाही. एकाच सालच्या एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅलिपर असू शकतात आणि त्यांचे पॅड एकमेकांत बसत नाहीत. चॅसिस क्रमांकावरून मूळ भागाचा क्रमांक काढा आणि त्यावरून इतर कंपन्यांचा. जुन्या पॅडच्या पाठीवर युरोपात वापरला जाणारा डब्ल्यूव्हीए क्रमांक किंवा अमेरिकी एफएमएसआय क्रमांक असला तर तोही टिपून घ्या. हे क्रमांक पॅडचा आकार सांगतात, मसाला नाही. डिस्कसाठी व्यास, जाडी, एकूण उंची, मधलं भोक आणि नटांची भोकं अशी पाच मापं जुळली पाहिजेत. उंची चुकली तर डिस्क हबवर बसते, पण कॅलिपरच्या मधोमध येत नाही.

'ओरिजिनल' म्हणजे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातलाच भाग, असं नाही. कंपनीला पॅड पुरवणारा कारखाना बऱ्याचदा स्वतःच्या नावानंही ते विकतो. मात्र मसाला तोच असेलच असं धरून चालू नका. खोक्यावरचे क्रमांक आणि पत्र्यावरचे क्रमांक जुळतायत का, मसाल्याच्या कडा भुसभुशीत नाहीत ना, हे हातात घेऊन बघा.

बसवताना

पॅडबरोबर क्लिपा आणि शिम (पॅडच्या पाठीमागच्या पातळ पट्ट्या) नवे घ्या. सरकत्या पिनांना रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर येतं, ते रंगावर सांडलं तर रंग जातो. मागे डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये टाका, नाहीतर मोटर मोडते. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसा. जुनी धूळ हवेच्या झोतानं उडवू नका, जुन्या भागांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं टिपून घ्या. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेनं टांगायचा. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ते तळालाच जातं, आणि नेमकी तेव्हाच गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असते.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावू द्या. मोकळ्या रस्त्यावर साधारण ६०च्या वेगातून १५-२०पर्यंत मध्यम जोरात ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर चालवून, असं वीसेक वेळा. त्यानंतर काही किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसेल तर कडक ब्रेक टाळा. या काळात हलका वास येतो, तो नॉर्मल आहे. एकाच चाकाकडून येत असेल तर मात्र नाही. तिथे काहीतरी अडकलंय.

काही दिवसांनी चाकाचे नट टॉर्कच्या पान्यानं पुन्हा तपासा आणि टाकीतली पातळी बघा. नव्या पॅडनंतर ती इतक्या लवकर खाली जायला नको. गेली असेल तर वरून ऑइल ओतून गप्प बसू नका, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते आधी शोधा.